पांढरा, गडद, पुन्हा पांढरा: खोल समुद्रातल्या कोअरमधले थर कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सरावासाठी दिलेला एक स्तंभ: पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताजवळ जन्मलेल्या सागरतळावर, ४,६५० मीटर पाण्याखाली छिद्र घेऊन कोअर (नळीतून वर काढलेला गाळ-खडकाचा दंडगोल) काढला आणि ६०० मीटर गाळ भेदल्यावर बेसाल्ट, म्हणजे सागरतळाच्या कवचाचा खडक, लागला. बेसाल्टचं वय ५ कोटी वर्षं. खालून वर येताना ६०० ते ५८५ मीटर गंजाच्या रंगाचा लोहयुक्त चिखल, ५८५ ते ४२० चॉक (मऊ चुनखडक), चुनखडी आणि चर्ट (सिलिकाचा कठीण खडक), ४२० ते ३१० गडद रेडिओलारियायुक्त (सिलिकाचं कवच असलेल्या सूक्ष्मजीवांचा) चिखल, ३१० ते २५ पांढरं ऊझ (सूक्ष्मजीवांच्या कवचांचा मऊ गाळ) आणि चॉक, आणि वरचे २५ मीटर तपकिरी चिकणमाती. यावरून ‘समुद्र खोल झाला, मग उथळ झाला, मग पुन्हा खोल झाला’ असं म्हणता येईल का? आणि ४२० मीटरखाली कोअर जेमतेम ३० टक्के हाती आला आहे, तर तिथल्या थरांवर किती विश्वास ठेवायचा?

पहिल्या भागाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. या जागेचा तळ ५ कोटी वर्षांत एकदाही उथळ झालेला नाही. ते आकड्यांनी पुढे दाखवतो. पण आकड्यांआधी छिद्र वाचावं लागतं. कोअरमध्ये दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे: हे ड्रिलिंगने केलं का? नसेल तर गाळ पुरला गेल्यानंतर घडलं का? आणि दोन्ही उत्तरं नकारार्थी आली तरच, हे साचताना समुद्रात काय चाललं होतं? चुकलेले बहुतेक अर्थ पहिले दोन प्रश्न गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारल्यामुळे चुकलेले असतात.

खोलीच्या आकड्यापासून सुरुवात करू. वैज्ञानिक सागरी ड्रिलिंगमध्ये एका वेळी साधारण ९.५ मीटरची नळी भरतात. मऊ गाळात पाण्याच्या दाबाने नळी एका झटक्यात आत घुसवतात. अशा कोअरच्या नावात ‘एच’ असतो. गाळ घट्ट झाला की फिरता कटर पुढे काढलेल्या नळीने कोअर घेतात, तो ‘एक्स’. कठीण खडकात पूर्ण फिरतं कोअरिंग, ते ‘आर’. आतल्या प्लास्टिक लायनरचा व्यास सुमारे ६.६ सेंमी. वर आल्यावर कोअरचे १.५ मीटरचे तुकडे करतात, ते उभे चिरतात, एक अर्धा भाग जपून ठेवतात आणि दुसऱ्यातून नमुने काढतात. म्हणून ‘३५५-यू१४५६ए-१०एच-३, ४५–४७ सेंमी’ हे लेबल म्हणजे मोहीम ३५५, ठिकाण यू१४५६, छिद्र ए, दहावा कोअर, झटक्याने घेतलेला, तिसरा तुकडा, त्याच्या माथ्यापासून ४५ ते ४७ सेंमी. यातलं मधलं अक्षर वाचायची सवय लावून घ्या. खडकाच्या वर्णनापेक्षा आधी ते अक्षरच सांगतं की कोणत्या प्रकारच्या बिघाडाची अपेक्षा ठेवायची.

आता तुमच्या खालच्या भागातले ३० टक्के. ९.५ मीटर ड्रिल केलं आणि हाती २.८ मीटर आलं, तर संकेत असा की ते २.८ मीटर त्या टप्प्याच्या माथ्याशी ठेवायचे आणि उरलेले ६.७ मीटर रिकामे दाखवायचे. हा फक्त संकेत आहे. तुकडे प्रत्यक्षात त्या ९.५ मीटरमध्ये कुठूनही आलेले असू शकतात. त्यामुळे सीमा ‘४३१.२० मीटरवर’ असं लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. वरचा तुकडा सुरू होतो तिथपासून टप्प्याच्या तळापर्यंतचा पूर्ण पल्ला लिहा आणि आलेखावरही तेवढीच जाड पट्टी काढा.

वरच्या मऊ भागात उलटा त्रास असतो. दाब कमी झाल्यावर गाळ फुगतो, वायू पसरतो, आणि ९.५ मीटरच्या टप्प्यातून १० मीटरहून जास्त कोअर येतो. मग एका कोअरचा तळ पुढच्याच्या माथ्यावर चढतो. खोलीची एक मोजपट्टी हा चढाव तसाच राहू देते, दुसरी जास्तीचा कोअर दाबून टप्प्यात बसवते. दोघींचे आकडे मिसळले की थरांचा क्रम उलटा दिसू शकतो, म्हणून प्रत्येक तक्त्यावर मोजपट्टीचं नाव हवंच.

शंभर टक्के प्राप्ती (ड्रिल केलं तेवढा कोअर हाती येणं) म्हणजे सलग नोंद, हाही गैरसमज. जहाज लाटांवर वरखाली होतं, त्यामुळे लागोपाठच्या दोन कोअरमध्ये मीटरभराची फट सहज राहते. म्हणूनच एकाच ठिकाणी थोड्या अंतरावर ए, बी, सी अशी छिद्रं घेतात आणि प्रत्येकाची कोअरिंगची सुरुवात काही मीटरने पुढेमागे ठेवतात. मग चुंबकीय ग्रहणशीलता (गाळ किती सहज चुंबकित होतो), गॅमा घनता (गॅमा किरणांनी मोजलेली घनता) आणि रंग यांचे आलेख जुळवून एका छिद्रातली फट दुसऱ्यातल्या कोअरने भरतात. अशा जोडलेल्या स्तंभाची लांबी प्रत्यक्ष खोलीपेक्षा साधारण १० टक्के जास्त भरते. या ताणलेल्या खोलीवरून दुरुस्ती न करता साचण्याचा वेग काढला, तर तोही १० टक्के फुगतो. छापील तक्त्यांतसुद्धा ही चूक भेटते.

ड्रिलिंगच्या खुणा ओळखणं अवघड नाही, फक्त त्या शोधाव्या लागतात. झटक्याने घेतलेल्या कोअरमध्ये थर कडेला खाली ओढले जाऊन मध्ये कमानीसारखे वर उचललेले दिसतात. ही घडी नव्हे, लायनरच्या भिंतीचं घर्षण आहे. नळी पूर्ण न घुसता अडकली तर वर खेचताना तळाशी गाळ शोषला जातो आणि उभ्या, वाहिल्यासारख्या रेषा उमटतात. तो भाग वर्णनातून आणि नमुन्यांतून सरळ वगळावा. कोअरच्या माथ्यावरचे १० ते ५० सेंमी नेहमी संशयित धरा, कारण छिद्राच्या भिंतीतून पडलेला माल तिथे जमतो. चॉकच्या कोअरच्या माथ्यावर अचानक चर्टची खडी दिसली तर ती बहुधा वरच्या भिंतीची असते. नळीने नेलेला हा माल ‘प्राचीन खडीचा थर’ म्हणून नोंदला गेला की पुढच्या दहा पानांचा अर्थ बिघडतो.

सर्वांत फसवी खूण म्हणजे बिस्किटं. फिरत्या कोअरिंगमध्ये अर्धवट घट्ट गाळ काही सेंटिमीटर जाडीच्या चकत्यांत तुटतो आणि चकत्यांमधल्या जागेत दळलेला गाळ भरतो. चिरलेल्या पृष्ठभागावर कठीण-मऊ, कठीण-मऊ अशी सुबक पुनरावृत्ती दिसते आणि हवामानाच्या चक्रांचा मोह होतो. तपासणी सोपी आहे: चकती आणि मधला गाळ, दोघांच्या स्मिअर स्लाइड (काचपट्टीवर पातळ पसरलेला गाळ) बनवा. घटक सारखेच असतील तर चक्र नाही. शिवाय चकत्या स्वतंत्रपणे फिरलेल्या असल्यामुळे त्यांच्या चुंबकत्वाची आडवी दिशा प्रत्येकीत वेगळी भरते.

तुमच्या ४२० ते ५८५ मीटरच्या भागात मुख्य प्रश्न चर्टचा आहे. चर्ट काचेसारखा कठीण, चॉक त्यामानाने मऊ. कटर चर्टवर थडथडतो, पंपाचं पाणी मधला चॉक धुऊन नेतं आणि नळीत चर्टचे तुकडे उरतात. हाती आलेल्या मालात चर्ट ७० टक्के असला तरी खडकात तो १० टक्केही नसेल. प्रमाण ठरवायचं ते छिद्रात केबलने सोडलेल्या उपकरणांच्या आलेखांवरून. चर्टच्या पट्ट्या रोधकता (विजेला होणारा विरोध) आणि घनतेच्या आलेखात अरुंद टोकांसारख्या दिसतात, आणि रोधकतेच्या चित्रपट्टीत काही सेंटिमीटर जाडीसुद्धा मोजता येते. दोन अडचणी ध्यानात ठेवा. ड्रिल पाइप छिद्रात साधारण ८० ते १०० मीटर आत ठेवावा लागतो, म्हणून त्यावरच्या भागात उघड्या छिद्राचे आलेख मिळत नाहीत. आणि जिथे भिंत धुपून छिद्र रुंद झालंय तिथे घनतेचं उपकरण भिंतीऐवजी पाणी मोजतं; कॅलिपरचा (छिद्राची रुंदी मोजणाऱ्या उपकरणाचा) आलेख शेजारी ठेवल्याशिवाय घनतेतली घट ‘सच्छिद्र थर’ म्हणून वाचू नये. कोअर आणि आलेख यांच्या खोलीत काही मीटरचा फरक येतोच. दोन्हीकडचा नैसर्गिक गॅमा जुळवून तो काढा, कारण हे मोजमाप दोन्ही बाजूंना उपलब्ध असतं.

गाळाला नाव देताना डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. टूथपिकच्या टोकावर येईल इतका गाळ काचपट्टीवर घ्या, पाण्याच्या थेंबात पातळ पसरा, तापत्या पट्टीवर सुकवा, अतिनील प्रकाशात घट्ट होणारा प्रकाशीय गोंद टाकून वर कव्हर काच ठेवा. ध्रुवीभूत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली चुन्याचे नॅनोफॉसिल (अतिसूक्ष्म शैवालांचे जीवाश्म) फिरत्या क्रॉससारखे चमकतात. रेडिओलारिया, डायाटम (सिलिकाचं कवच असलेली शैवालं) आणि ज्वालामुखीय काच तिन्ही काळी पडतात, त्यामुळे त्यांना आकाराने वेगळं करावं लागतं. जैविक घटक निम्म्याहून जास्त असतील तर मऊ गाळाला ऊझ म्हणतात. स्मिअर स्लाइडची मर्यादा अशी की फोरॅमिनिफेराचे (चुन्याचं कवच असलेल्या एकपेशीय जीवांचे) मोठे कण टूथपिकवर नीट येत नाहीत आणि कव्हर काचेखाली कडेला सरकतात, म्हणून वाळूएवढ्या कणांचं प्रमाण नेहमी कमी लेखलं जातं. त्यासाठी ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतलेला नमुना वेगळा बघावा. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब ‘चुना आहे का’ एवढंच सांगतो, किती ते नाही. टक्केवारीसाठी आम्लाने सुटलेला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कूलोमीटर हवा. नमुना नेहमीच्या अंतराने घ्याच, शिवाय रंग बदलतो तिथे दोन्ही बाजूंनी एकेक घ्या. कोअर चिरल्याबरोबर छायाचित्र काढणंही याच कामाचा भाग आहे. हिरवट-निळसर छटा हवेत काही तासांत तपकिरी होतात, आणि दुसऱ्या दिवशीचं वर्णन समुद्राचं न राहता ऑक्सिजनचं होतं.

आता दुसरा प्रश्न, पुरल्यानंतर काय घडलं. ऊझ, चॉक, चुनखडी ही एकाच गाळाची वाढत्या दाबाखालची रूपं आहेत. सागरतळाशी ७० ते ८० टक्के असलेली सच्छिद्रता काही शे मीटर खाली निम्म्यापर्यंत उतरते आणि कणांच्या संपर्कबिंदूंशी चुना विरघळून शेजारी जमतो. तेव्हा तुमच्या २५ ते ३१० मीटरच्या भागात ऊझचं चॉक होतं ती पातळी समुद्रातल्या कुठल्याही घटनेची खूण नाही. तिला स्तंभात वेगळ्या घटकाची सीमा देऊ नका. सिलिकाचंही तसंच. रेडिओलारियाचं ओपल (पाणीयुक्त सिलिका) पुरल्यानंतर आधी ओपल-सीटी हे जास्त स्फटिकी रूप आणि मग क्वार्ट्झ होतं. पहिला बदल साधारण ३५ ते ५० अंश सेल्सियसला होतो. चर्टची पट्टी त्यामुळे मूळ थराला समांतर असेलच असं नाही, आणि भूकंपीय छेदात (ध्वनिलहरींनी घेतलेल्या तळाच्या चित्रात) हाच बदल एखाद्या ठळक परावर्तकासारखा दिसून थराच्या सीमेचा आव आणतो. गाळाच्या कणांमधल्या पोकळ्यांतलं पाणीही वाचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट सुमारे २८ मिलिमोल प्रतिलिटर असतं. सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या गाळात ते खाली जाताना शून्यावर येतं, आणि त्या पट्ट्यात सूक्ष्म मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) विरघळतं. ग्रहणशीलतेच्या आलेखात तिथे पडलेली पायरी ‘जमिनीवरून येणारी माती घटली’ म्हणून वाचली जाते, आणि ती चूक असते. तुमच्या स्तंभात हा धोका कमी आहे, कारण खुल्या समुद्रातल्या अशा गाळात सेंद्रिय पदार्थ फार थोडे असतात.

एवढं झाल्यावर वय. तुमच्या छिद्रात यासाठी एकच पद्धत वरपासून खालपर्यंत चालणार नाही. पांढऱ्या भागात नॅनोफॉसिल आणि फोरॅमिनिफेरा, गडद भागात चुना विरघळल्यामुळे रेडिओलारिया, वरच्या तपकिरी चिकणमातीत माशांचे सूक्ष्म दात आणि त्यांतल्या स्ट्रॉन्शियमचं समस्थानिक गुणोत्तर. इओसीन आणि ऑलिगोसीन या भूवैज्ञानिक कालखंडांमधली सीमा, म्हणजे ३.३९ कोटी वर्षं, हॅन्टकेनिना या फोरॅमच्या अस्तावर ठरवलेली आहे. पण तुमच्या गडद थरात फोरॅम टिकलेलेच नाहीत, म्हणून ‘हॅन्टकेनिना ३१० मीटरखाली दिसत नाही’ हे वाक्य सीमेबद्दल काहीही सांगत नाही. तिथे नसणं हा विरघळण्याचा पुरावा आहे, वयाचा नाही. सीमेच्या जरा आधी, ३.४४ कोटी वर्षांच्या सुमारास अस्त पावलेला डिस्कोॲस्टर सायपानेन्सिस हा नॅनोफॉसिल विरघळण्याला सहजी दाद देत नाही. तो गडद भागाच्या वरच्या टोकाशी सापडायची शक्यता जास्त. तो पांढऱ्या भागातही तुरळक सापडला तर पुनर्निक्षेप (जुन्या थरातून निघून पुन्हा साचणं) आहे का ते बघा: संख्या फार कमी, कण झिजलेले, सोबत आणखी जुन्या जाती.

पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची उलटापालट हे दुसरं घड्याळ. ड्रिल पाइपच्या पोलादामुळे कोअरवर जवळजवळ उभ्या दिशेचं बनावट चुंबकत्व चढतं. १० ते २० मिलिटेस्लाच्या प्रत्यावर्ती क्षेत्राने ते बहुधा उतरतं. पण विषुववृत्ताजवळ साचलेल्या गाळात मूळ चुंबकीय कल (आडव्या पातळीशी होणारा कोन) शून्याच्या आसपास असतो, म्हणून वर-खाली या चिन्हावरून ध्रुवीयता कळत नाही. आडव्या दिशेतली १८० अंशांची उडी शोधावी लागते आणि त्यासाठी कोअरची दिशा नोंदलेली असावी लागते. झटक्याने घेतलेल्या कोअरमध्ये हे जमतं. बिस्किटं झालेल्या कोअरमध्ये जमत नाही, तिथे वेळ घालवू नये. वरच्या चिकणमातीत तर सरासरी वेग दहा लाख वर्षांना १.४ मीटर पडतो, म्हणजे शेवटची उलटापालट, ७,७३,००० वर्षांपूर्वीची, सागरतळाखाली अवघ्या १.१ मीटरवर येईल. कोअरचा माथा ढवळला गेला असेल तर ती हातची गेली.

वय आणि खोलीचा आलेख काढताना बिंदूंमधून गुळगुळीत वक्ररेषा काढण्याचा मोह आवरा. खोल समुद्रातली नोंद बहुधा सरळ तुकडे आणि खंड (ज्या काळाचा गाळच उरलेला नाही अशा फटी) यांनी बनते. २५ मीटर चिकणमाती १.८ कोटी वर्षांत सलग साचली असेल, किंवा निम्मा काळ प्रवाहांनी झाडून नेला असेल. सरासरी दोन्हींत तीच येते. मँगनीजच्या गाठींची ओळ, दातांचं एकाएकी वाढलेलं प्रमाण किंवा फिलिप्साइट या खनिजाची गर्दी दिसली तर खंडाचा संशय घ्या.

आता मूळ प्रश्नाचे आकडे. सागरतळ मध्यसागरी कटकाशी (नवं कवच जिथे तयार होतं त्या डोंगररांगेशी) साधारण २,६०० मीटर खोलीवर जन्मतो आणि थंड होत खाली बसतो. पहिल्या सुमारे ७ कोटी वर्षांसाठी ‘२,६०० अधिक ३५० गुणिले वयाचं वर्गमूळ’ हे सूत्र चालतं, वय दशलक्ष वर्षांत. गाळ साचला की त्याच्या वजनाने तळ आणखी बसतो, पण गाळाच्या जाडीएवढा नाही. म्हणून पाण्याची खोली काढताना तेव्हापर्यंतच्या जाडीच्या सुमारे ०.७ पट वजा करतात. आधी आजचा आकडा ताडून बघा: वय ५०, बेसाल्ट ५,०७५ मीटर, त्यातून ४२० वजा, ४,६५५. नोंदलेली खोली ४,६५० आहे, म्हणजे सूत्र इथे लागू पडतं. ही ताडणी जुळली नाही, तर पुढचं गणित करण्यात अर्थ नाही. ती जागा ज्वालामुखीय फुगवट्यावर असू शकते.

समजा जीवाश्मांवरून ४२० मीटरची सीमा ४.४ कोटी, ३१०ची ३.४ कोटी आणि २५ची १.८ कोटी वर्षं ठरली. पहिल्या वेळी तळाचं वय ६० लाख वर्षं, बेसाल्ट ३,४५७, खाली १८० मीटर गाळ, पाण्याची खोली साधारण ३,३३०. दुसऱ्या वेळी वय १.६ कोटी, बेसाल्ट ४,०००, गाळ २९० मीटर, खोली ३,८००. तिसऱ्या वेळी वय ३.२ कोटी, बेसाल्ट ४,५८०, गाळ ५७५ मीटर, खोली ४,१८०. गाळ दाबला जाणं यात धरलेलं नाही, त्यामुळे शंभरेक मीटरचा फेर धरा. तरीही क्रम स्पष्ट आहे: ३,३३०, ३,८००, ४,१८०, ४,६५०. तळ सतत खालीच गेला आहे.

मग चुना परत का आला? कारण ज्या खोलीखाली चुना साचण्यापेक्षा जास्त वेगाने विरघळतो ती पातळी, सीसीडी, स्वतः हलते. इओसीनमध्ये विषुववृत्तीय पॅसिफिकात ती ३,००० ते ३,५०० मीटरच्या दरम्यान होती. तुमची जागा ३,३३० मीटरवर तिच्याखाली गेली आणि चॉकच्या जागी रेडिओलारिया उरले. ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास अंटार्क्टिकावर मोठं हिमावरण आलं, त्याच वेळी सीसीडी एक किलोमीटरहून जास्त खाली गेली, तीही दोन झटक्यांत, प्रत्येक झटका सुमारे ४०,००० वर्षांचा. ३,८०० मीटरवर असलेली तुमची जागा जागच्या जागी पुन्हा चुन्याच्या पट्ट्यात आली. ओडीपी या आंतरराष्ट्रीय सागरी ड्रिलिंग कार्यक्रमाच्या १९९व्या लेगमध्ये (मोहिमेत) २००१ साली आणि त्यानंतरच्या आयओडीपी कार्यक्रमाच्या ३२० आणि ३२१ या मोहिमांत २००९ साली याच भागातून काढलेल्या कोअरमध्ये गडदावर पांढरा असा हा बदल ठळक दिसतो. वरची चिकणमाती मात्र दोन कारणांनी येऊ शकते: तळ आणखी खाली गेला, आणि पॅसिफिक प्लेटने जागा वायव्येकडे, विषुववृत्ताच्या सुपीक पट्ट्याबाहेर नेली, जिथे चुन्याचा पाऊसच कमी आणि सीसीडीही उथळ. दोन्हींचा वाटा वेगळा काढायला एक छिद्र पुरत नाही. त्याच वयाच्या तळावरचं, पण वेगळ्या अक्षांशावरचं दुसरं छिद्र लागतं. तळाचा गंजाच्या रंगाचा चिखल यात सर्वांत सोपा: कटकावरच्या उष्ण झऱ्यांतून आलेलं लोह आणि मँगनीज. बेसाल्टला लागून तो सापडणं म्हणजे छिद्र खरोखर मूळ कवचाला टेकलं, नंतर घुसलेल्या शिलापट्टाला नाही, याला चांगला आधार.

हे सगळं ‘गाळ वरून शांतपणे पडला’ या गृहीतकावर उभं आहे. भूखंडाजवळच्या छिद्रात ते टिकत नाही. वाळूचा थर तीक्ष्ण तळाने सुरू होऊन वर बारीक होत गेला तर तो टर्बिडाइट (उतारावरून वाहत आलेल्या गढूळ लोटाचा थर), म्हणजे काही तासांचा किंवा दिवसांचा ऐवज. वय-खोलीच्या आलेखातून त्याची जाडी वजा करूनच वेग काढायचा. थर तिरपे, गुंडाळलेले, आणि जीवाश्मांची वयं खाली जाताना उलटसुलट, तर मोठी घसरण. अरबी समुद्रात लक्ष्मी खोऱ्यात २०१५ साली आयओडीपीच्या ३५५व्या मोहिमेने यू१४५६ आणि यू१४५७ ही ठिकाणं ड्रिल केली. तिथे सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच घसरणीचा, नटराज स्लाइडचा, माल पहिल्या ठिकाणी साधारण ३३० आणि दुसऱ्या ठिकाणी १९० मीटर जाड निघाला. त्यात भूखंडालगतच्या उथळ खंडमंचावरून आलेल्या चुनखडीचे तुकडे आहेत. ते जागेवरचे मानले असते तर साडेतीन किलोमीटर खोल तळ एकेकाळी उथळ होता असा निष्कर्ष निघाला असता. यू१४५७ मध्ये त्या मालाखाली थेट पेलिओसीनचा (इओसीनच्या आधीच्या कालखंडाचा) चिखलखडक आहे. मधली पाच कोटी वर्षं तिथल्या स्तंभात नाहीतच.

तेलाच्या छिद्रांत बहुधा कोअर नसतो, ड्रिलिंगसाठी फिरवलेल्या चिखलाबरोबर वर येणारा खडकाचा चुरा असतो. तिथे पहिला हिशेब उशिराचा, म्हणजे चुरा वर पोचायला लागणाऱ्या वेळेचा. सव्वाबारा इंची छिद्र आणि पाच इंची पाइप यांच्यामधली जागा मीटरला सुमारे ०.०६३ घनमीटर, २,००० मीटरला १२७. पण समुद्रात वर रायझर (तळापासून जहाजापर्यंतचा रुंद पाइप) असतो, आतून सुमारे ४९.५ सेंमी रुंद, तिथे मीटरला ०.१८ घनमीटर, १,५०० मीटर पाण्यात २७०. पंप मिनिटाला ३ घनमीटर देत असेल तर चुरा वर यायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, आणि तासाला १५ मीटर वेगाने कटर तोवर ३३ मीटर पुढे गेलेला असतो. रायझरसाठी वेगळा बूस्टर पंप चालू असेल तर हिशेब वेगळा करायचा. भिंतीतून ढासळलेला माल सतत मिसळत असल्यामुळे चुऱ्यात एखाद्या जीवाश्माचं वरून पहिल्यांदा दिसणं, म्हणजे त्याचा अस्त, एवढंच भरवशाचं. खालची हद्द नाही. सीमेची खोली चुऱ्यावरून न ठरवता ड्रिलिंगचा वेग आणि गॅमा आलेख यांवरून ठरवावी.

तुमच्या स्तंभावर पुढचं काम करायचं तर नमुने सगळीकडे सारखे वाटू नका. ३१० मीटरच्या सीमेभोवती पाच-पाच मीटर दर १० सेंमीला कार्बोनेट टक्केवारी आणि धुतलेला नमुना घ्या. दोन झटके वेगळे दिसतात का ते तिथेच कळेल, कारण पांढऱ्या भागाच्या दशलक्ष वर्षांना १८ मीटर या वेगाने ४०,००० वर्षं म्हणजे जेमतेम ७० सेंमी. त्याआधी बाजूच्या छिद्रातल्या कोअरशी जोड तपासा, नाहीतर नेमकी तीच ७० सेंमी दोन कोअरमधल्या फटीत गेलेली असतील. ४२०ची सीमा कमी प्राप्तीच्या भागाला लागून आहे. तिथे कोअरवर जास्त नमुने खर्च करण्यापेक्षा रोधकता आणि गॅमाच्या आलेखातून पल्ला अरुंद करणं फायद्याचं. आणि तळाच्या १५ मीटरमधले निदान दोन नमुने लोह, मँगनीज आणि ॲल्युमिनियमच्या रासायनिक पृथक्करणाला पाठवा. ॲल्युमिनियम कमी आणि लोह-मँगनीज भरपूर असतील तर माल उष्ण झऱ्यांचा. ॲल्युमिनियम जास्त निघालं तर ती साधी लाल चिकणमाती, आणि मग ही जागा कटकाजवळ असल्याचा तो पुरावा बाद करावा लागेल.